सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही

मतदार यादीतली एक ओळ मला पाठ आहे. अनुक्रमांक, नाव, वडिलांचं नाव, घर क्रमांक, वय, ओळखपत्राचा नंबर, सगळं. स्वतःच्या मुलाचा आधार नंबर मला सांगता येत नाही, पण ही ओळ येते. भाजी निवडताना, गाडीला किक मारताना, कधी वर्गात फळ्याकडे तोंड असताना ती डोक्यात आपोआप वाचली जाते. त्यातलं नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा ते माझ्याच हाताने खोडलं गेलं आहे, आणि आता ते कागदावर आणायला मन धजत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. राहते नाशकात, दिंडोरी रोडला, आणि शाळा दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षाच्या गावात. रोज गाडीवर जाऊन येऊन करते. शिक्षिकेने शिकवावं ही अपेक्षा आमच्याकडे सगळ्यात शेवटी येते. त्याआधी खिचडीचा तांदूळ, पोलिओ, नाना तऱ्हेच्या माहित्या, आणि मग बीएलओचं काम. बीएलओ म्हणजे एका मतदान केंद्राच्या यादीची राखणदार. कोण अठरा वर्षांचं झालं, कोण लग्न होऊन गेलं, कोण वारलं, हे घरोघर जाऊन विचारायचं आणि यादी चोख ठेवायची. या कामाला माझ्या सहकारी नाकं मुरडायच्या. मी मुरडायची नाही. उलट मला त्याचा जरा तोरा होता. चौथीच्या मुलांना हक्क आणि कर्तव्यं शिकवायची आणि शाळा सुटल्यावर त्यांच्याच थोरल्या भावाबहिणींचे फॉर्म भरून घ्यायचे, यात मला काहीतरी पुरं झाल्यासारखं वाटे. पुस्तकात नागरिक जन्माने होतो, पण गावात तो माझ्या पेनाने होतो, असं मी डबा खाताना चेष्टेत म्हणायचे. सगळ्या हसायच्या. ते हसणं आता आठवलं की घास तोंडात फिरतो.

गावाची यादी माझ्याकडे आली त्याच वर्षीची ही गोष्ट. हिवाळा नुकता लागला होता. छाटणी होऊन द्राक्षाचे घड सुटले होते, आणि घड सुटले की गावात माणूस सापडत नाही. बायका सकाळी डबे घेऊन डिपिंगला जातात, म्हणजे एकेक घड औषधाच्या मगात बुडवायचं काम, आणि दिवस मावळताना हिरव्या बोटांनी परत येतात. मी शाळा सुटल्यावर यादी घेऊन फिरायची. कुलपं, कुत्री आणि म्हातारी माणसं, एवढंच भेटायचं. यादीतले घर क्रमांक तर कोणत्या काळातले होते देव जाणे. एका घराची तीन घरं झाली तरी नंबर एकच.

आठवड्यात तीन फेऱ्या झाल्या आणि शेवटी मोजून काही नावं उरली ज्यांचा ठाव लागेना. त्यांतलं एक हे. तिसऱ्या फेरीला मी गल्लीच्या टोकाच्या घरी गेले. ओट्यावर त्या घरची म्हातारी आणि शेजारच्या दोघी तूर निवडत बसल्या होत्या. मला बसायला पोतं टाकलं. मी यादी मांडीवर घेतली आणि नाव वाचलं. फक्त पहिलं नाव. पूर्ण ओळ वाचायची पद्धत आहे, पण गावात आडनावासकट मोठ्याने वाचलं की जात विचारल्यासारखं होतं असं माझं एक शहाणपण होतं, म्हणून मी पहिलं नाव वाचायची आणि पुढचं समोरच्याने सांगितलं की जुळवून घ्यायची. त्या शहाणपणाचाही मला तोराच होता.

म्हातारी म्हणाली, "अशी कोणी नाय बाई आमच्यात." शेजारणींनी एकमेकींकडे बघून माना हलवल्या. या गल्लीतच या नावाची कोणी नाही, नंबर वरच्या आळीचा असेल, असं त्यांनी सांगितलं. वरच्या आळीत मी आदल्या दिवशीच जाऊन आले होते. तिथे मला खालच्या आळीत पाठवलं होतं.

तेवढ्यात आतून सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. कोवळी मुलगी, डोक्यावर पदर, हातात लग्नाचा हिरवा चुडा अजून तसाच. मी म्हातारीची खात्री करावी म्हणून नाव पुन्हा एकदा मोठ्याने वाचलं, आणि ती मुलगी उंबऱ्यावर थबकली. तांब्यातलं थोडं पाणी तिच्या पायावर सांडलं. मी तिच्याकडे पाहिलं. मग तिने पुढे येऊन तांब्या माझ्यासमोर ठेवला आणि आत गेली. मी पाणी प्याले. चांगलं गार पाणी होतं, तहान लागलेली होती. यादीतला फोटो मी पाहिला नाही असं नाही, पण झेरॉक्सची झेरॉक्स ती, सगळ्या बायकांचे चेहरे त्यात सारखेच काळे.

मग मी शेरा लिहिला: सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही. पंचनाम्यावर एका शेजारणीने सही केली, दुसरीने अंगठा दिला. नाव वगळायचा नमुना सात भरला. नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चिकटवली, जिथे आधीच जंतनाशक गोळ्यांपासून लिलावापर्यंतच्या कागदांचे थर होते. मुदतीत कोणी हरकत घेतली नाही. नाव वगळलं गेलं. नियमाप्रमाणे माझी एकही पायरी चुकलेली नव्हती, तो पहिल्या नावाचा शहाणपणा सोडला तर.

आणि इथेच मला स्वतःचा सगळ्यात जास्त राग येतो. कारण मला कळायला हवं होतं. लग्नात मलाही ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं नाव मिळालं होतं. नवऱ्याने ते लिहिलं, सगळ्यांनी वाचलं, पेढे वाटले, आणि त्या दुपारनंतर मी वेगळी बाई झाले. सासरी कोणाला माझं आधीचं नाव विचारलं तर आजही आठवायला वेळ लागेल. ते नाव फक्त माझी आई घ्यायची. म्हणजे घरोघर जाऊन बायकांची नावं विचारायचं काम माझ्याकडे, आणि एका घरात बाईची दोन नावं असतात, त्यातलं एक कोणाला माहीत नसतं, ही साधी गोष्ट मीच विसरले. पुरुष बीएलओ विसरला असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

दोन वर्षांनी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. एका सकाळी परिपाठ चालू असताना त्या टोकाच्या घरची सून शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. कडेवर लहान मुलगी, हातात प्लॅस्टिकची फाईल. आता तिला मी ओळखत होते, सासरच्या नावाने. बचत गटात ती हिशेब लिहायची, बारावी शिकलेली होती, जावेच्या मुलांसाठी शाळेच्या पालक सभेला यायची आणि बोलायची. आमच्या शाळेमागे मुलींचं शौचालय आहे. बांधलेलं आहे, रंगवलेलं आहे, पण पाण्याची लाईन नाही म्हणून कुलूप. मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी पळतात त्या पळतात, काही परत येत नाहीत. हा विषय दर सभेत तीच काढायची. सरपंच ऐकून घ्यायचे आणि ऐकूनच घ्यायचे. या वेळी तिच्या वॉर्डातली जागा इतर मागास महिलेसाठी राखीव निघाली, तेव्हा गटातल्या बायकांनी तिला म्हटलं की तूच उभी राहा. नवरा पिंपळगावला पॅकहाऊसमध्ये कामाला, त्यानेही हो म्हटलं. म्हातारीने हो म्हटलं नाही पण नाहीही म्हटलं नाही.

अर्ज भरायला तिला यादीतलं तिचं नाव दाखवावं लागणार होतं. यादीत नाव सापडत नाही, तुम्ही बघता का मॅडम, असं तिने मला अगदी साधेपणाने विचारलं. मी सासरचं नाव शोधलं. नव्हतं. मग तिने फाईलमधून ओळखपत्र काढून माझ्या हातात दिलं. जातीचा दाखला, शाळेचा दाखला, सगळं माहेरच्या नावाचं, म्हणून लग्नानंतर पत्ता बदलताना नवऱ्याने ओळखपत्रही मुद्दाम त्याच नावाचं ठेवलं होतं. पुढे कधी राखीव जागेचं काम पडलं तर कागद जुळायला हवेत, असं त्याला सेतू केंद्रात कोणीतरी सांगितलं होतं. त्या दोघांनी सगळं नीट विचार करून केलं होतं.

मी कार्डावरचं नाव वाचलं. वर्गात मुलं राज्यघटनेची उद्देशिका म्हणत होती. पोरं कुठल्या ओळीपर्यंत आली होती ते मला अजून आठवतं.

मी तिला लगेच सांगितलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण नाही सांगितलं. तहसीलला जाऊन बघू म्हणाले, मुख्याध्यापकांची परवानगी काढली, तिच्या मुलीला तिच्या जावेकडे सोडलं आणि तिला गाडीवर मागे बसवून दिंडोरीला नेलं. वाटभर मी मनात अर्जाच्या तारखा जुळवत होते. अर्ज भरायचे दोन दिवस उरले होते. कुठेतरी काहीतरी पुरवणी असेल, दुरुस्ती असेल, एखादी सही असेल, असं मला वाटत होतं. इतकी वर्षं सरकारी कामं करून मी असं समजत होते, याचंही आता हसू येतं.

निवडणूक शाखेतल्या कारकुनाने संगणकावर पाहिलं. भला माणूस होता. तो म्हणाला की निवडणुकीची यादी आता पक्की झालेली आहे, तिच्यात कोणालाच हात घालता येणार नाही. नवा नमुना सहा भरून द्या, पुढच्या यादीत नाव येईल. या निवडणुकीत मतही नाही आणि उमेदवारीही नाही. मग त्याने, कदाचित माझी बाजू भक्कम करायला असेल, कपाटातून फाईल काढली आणि माझा शेरा मोठ्याने वाचून दाखवला. सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही. खाली माझी सही, तारीख, आणि एक अंगठा.

ती माझ्या शेजारीच उभी होती. कागदाकडे बघत राहिली. कारकुनाने आम्हाला दोघींना चहा मागवला.

परत येताना ती मागे बसली होती. दोन्ही बाजूंनी बागा, ट्रॅक्टरचे फवारे चालू होते, औषधाचा वास रस्त्यावर येत होता. पाच-सात किलोमीटर गेल्यावर मला राहवेना. मी गाडी चालवत असतानाच विचारलं, त्या दिवशी तू घरात होतीस, नाव ऐकलंस, मग बोलली का नाहीस? विचारतानाच मला कळलं की मी माझी चूक तिच्या पदरात टाकतेय. पण तोंडातून निघून गेलं होतं.

मग ती म्हणाली, "मी थांबले होते ना मॅडम. तुम्ही बघितलं माझ्याकडं."

मी गाडी हळू केली.

"सासूबाई नाय म्हणाल्या. शेजारच्या नाय म्हणाल्या. मग तुम्ही लिहून घेतलं. तुम्ही शिकलेल्या, सरकारच्या. लग्नापासून या गावात त्या नावानं मला कोणी हाक मारली नव्हती. म्हणलं, नसंन मी."

तिचा चेहरा मला दिसत नव्हता. आरशात फक्त पदराचा कोपरा हलताना दिसत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्याने आलं असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिने चारचौघांत मला शिव्या द्यायला हव्या होत्या. तिने घरापाशी उतरताना साडी सारखी केली आणि शाळेत उशीर झाला ना तुम्हाला, असं म्हणाली.

त्या वॉर्डातून एकच अर्ज आला. जुन्या सरपंचांच्या घरातल्याच सूनबाई बिनविरोध आल्या, गुलाल उधळला, शाळेच्या भिंतीवरही तो थोडा उडाला. पुढच्या वेळी जागेचं आरक्षण बदलणार, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक होतं. नवीन बाई सभेला आल्या नाहीत, त्यांचे यजमान आले. शौचालयाचा विषय कोणी काढला नाही. ती सभेला आलीच नव्हती. कुलूप आता इतकं गंजलंय की किल्ली असती तरी उघडलं नसतं. मी मधल्या सुट्टीत तिकडे बघायचं टाळते, आणि बघतेच.

तेव्हापासून ती ओळ माझ्या मागे लागली. मी यादी घेऊन फिरते तेव्हा आता प्रत्येक ओळ पूर्ण वाचते, आडनावासकट, बापाच्या नावासकट, कोणाला काय वाटायचं ते वाटो. ओट्यावरच्या बायका नाही म्हणाल्या की मी त्यांच्याकडे बघत नाही, उंबऱ्याकडे बघते. घरात सुना किती, त्यांची माहेरची नावं काय, हे विचारते. काही घरी लोक चिडतात. काही घरी आतून भांड्यांचा आवाज एकदम थांबतो, आणि मी तिथेच उभी राहते, तो आवाज पुन्हा सुरू होईपर्यंत. नाशकात रस्त्यानेही मला तसं होतं. भाजीबाजारात कोणी कोणाला तरी त्या नावाने हाक मारतं. तसं फारसं वेगळं नाव नाही ते, खूप जणींचं असतं. मी दर वेळी वळून बघते, कोण थांबलं ते.

मधल्या काळात माझी आई गेली. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, आणि चार-सहा दिवसांनी घरात एकटी असताना माझ्या ध्यानात आलं की मला माझ्या पहिल्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नाही. भाऊ ताई म्हणतो. मी ते नाव मोठ्याने उच्चारून पाहिलं. आरशात बघत. काहीच झालं नाही. कोणीतरी ओळखीचं पण दूरचं माणूस असावं तसं वाटलं. मला भीती वाटली, खरीखुरी, दिवसाढवळ्या.

नवीन नोंदणीचं काम पुन्हा सुरू झालं तेव्हा मी पहिल्याच दिवशी तिच्या घरी गेले. याआधी दोनदा गेले होते, पण एकदा ती माहेरी होती आणि एकदा, शेजारीण म्हणाली, घरातच होती, पण बाहेर आली नाही. या वेळी ती अंगण झाडत होती. म्हातारी ओट्यावर होती, आता तिला नीट दिसत नाही. मी नमुना सहा सोबत नेला होता, आणि बरंचसं भरूनच नेला होता, माहेरच्या नावाने, वडिलांच्या नावासकट. माझ्या चांगल्या अक्षरात. मला वाटत होतं, एवढं तरी मी परत नेऊन ठेवीन.

तिने हात पदराला पुसले, फॉर्म घेतला, वाचला आणि परत दिला. सासरचं लावा, म्हणाली.

मी तिला समजावलं. जातीचा दाखला त्या नावाचा आहे, पुढे कधी जागा राखीव निघाली तर कागद जुळणार नाहीत, एवढी खटपट करून तुम्ही दोघांनी ते जपलं होतं. ती ऐकत होती. तिला हे सगळं माझ्याआधी माहीत होतं. तिने आतून आधार कार्ड आणून दाखवलं, तेही आता बदलून घेतलेलं होतं. मी कोरा फॉर्म काढला. तिने सांगितलं ते नाव लिहिलं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव लिहिलं. मग मी थांबले. आधीची एखादी नोंद होती का, हे विचारणं माझं काम होतं.

"नाय लिहा," ती म्हणाली. "ती इथं राहत नव्हती. तुमच्याच कागदात आहे."

आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिने हे बाजारहाट सांगावा तसं सांगितलं. मी 'नाही' लिहिलं, तिने नव्या नावाची सही केली, वळणदार, सराव केलेली, आणि मी पोचपावती फाडून दिली. तिने मला पाणी दिलं. ते मी प्याले. ती पुन्हा खराटा घेऊन अंगणाच्या पलीकडच्या कडेला गेली.

मी गाडीपर्यंत आले, किल्ली लावली, आणि मला काय झालं कोण जाणे. मी वळले आणि तिच्या पाठीकडे बघून ते नाव घेतलं. चांगलं मोठ्याने, वर्गात हजेरी घेताना घेते तसं.

म्हातारीने ओट्यावरून मान वर केली आणि कोणाला हाक मारता बाई, म्हणून विचारलं. ती मात्र झाडत राहिली. खराट्याचा आवाज एकसारखा येत होता. मी उभी राहून वाट पाहिली, मग आणखी एकदा ते नाव घेतलं. या वेळीही ती थबकली नाही.